पलंग आरसीवर दिसतो का?

प्रश्न : मी आणि माझे पती, दोघेही शिक्षक, नुकतेच निवृत्त झालो. ८२ वर्षांच्या सासूबाई आमच्याजवळ असतात. त्यांचे गुडघे अजिबात साथ देत नाहीत, पण फिरायची हौस दांडगी आहे. झोपायची-राहायची सोय असलेली गाडी घेऊन कोकण, गोवा, कर्नाटक फिरावे असे मनात आहे. तयार कॅम्परव्हॅन ३० लाखांच्या आसपास सांगतात. ओळखीचा एक गॅरेजवाला शाळेची जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन सगळे मिळून १४ लाखांत करून देतो म्हणतो. मोठे पलंग, जाड गादी, ओटा, टॉयलेट, एसी, सगळे बसवतो आणि ‘आरटीओचं मी बघतो’ म्हणतो. फंडाचे पैसे हाताशी आहेत. काय करावे?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ‘आरटीओचं मी बघतो’ म्हणणाऱ्याला टोकन देऊ नका. दिले असेल तर आजच लेखी पत्र देऊन परत मागा.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीचे मूळ स्वरूप मालकाच्या मर्जीने बदलता येत नाही. कंपनीने मंजूर करून घेतलेल्या रचनेशी विसंगत बदल चालणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आले. त्यानुसार बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. इथे मालक म्हणजे तुम्ही, गॅरेजवाला नव्हे.

दंड एक वेळ भरता येईल. मला जास्त धास्ती विम्याची वाटते. विमा कंपनीने पॉलिसी दिलेली असते बाके असलेल्या शाळेच्या गाडीची. उद्या आंबा घाटात गाडी कलंडली आणि सर्व्हेअरला आत पलंग, गॅस आणि पाण्याची टाकी दिसली, तर गाडीच्या नुकसानीचा दावा फेटाळायला कंपनीला आयतेच कारण मिळते. शिवाय ती गाडी पिवळ्या पाटीची. ती खासगी करून घेणे हे वेगळे काम आहे आणि नोंदणीची १५ वर्षे मोजायची ती गाडी पहिल्यांदा रस्त्यावर आली तेव्हापासून.

कायदेशीर वाट आहे, ती अशी. अशा गाड्यांसाठी एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे आणि पुण्याच्या एआरएआयसारख्या अधिकृत संस्थेकडून त्या नमुन्याला मंजुरी घ्यावी लागते. विक्रेत्याकडे मंजुरीच्या प्रमाणपत्राची प्रत मागा आणि त्याने आधी विकलेल्या एखाद्या गाडीची आरसी पाहा. आरसीत बॉडीचा प्रकार आणि सीट लिहिलेल्या असतातच, स्लीपरचाही रकाना असतो. पलंग तिथे नसेल, तर कायद्याच्या लेखी तो गाडीत नाही.

आता सोयींकडे वळू. चालत्या गाडीत सासूबाई आडव्या पडून येतील हा विचार मनातून काढून टाका. प्रवासात प्रत्येकाला पट्टा असलेली सीट हवीच. आधी त्या सीटवर त्यांना तासभर बसवून पाहा, पलंग नंतर.

पलंग खुर्चीच्या उंचीचा आणि कायमचा घ्या. दिवसा सोफा आणि रात्री पलंग ही सोय तरुणांना ठीक आहे. तुम्हाला रोज रात्री फळ्या लावायच्या आणि सकाळी काढायच्या, हे चौथ्या दिवशी नकोसे होते. वरचा बंक कितीही ऐसपैस असो, तुमच्या घरात तो सामान ठेवण्यापुरताच उपयोगाचा. गाडीच्या रुंदीत आडवा बसवलेला पलंग उंच माणसाला अपुरा पडतो, आणि आतल्या बाजूला झोपणाऱ्याला रात्री उठायचे तर दुसऱ्याला ओलांडून जावे लागते. म्हणून शोरूममध्ये नुसते बसून गादी दाबू नका. चपला काढा, दार लावून घ्या, तिघेही वीस मिनिटे झोपा, कूस बदला, उठून बसा. डोके कपाटाला लागते का ते तेव्हाच कळेल. गादीखाली सलग प्लायऐवजी फटी ठेवलेल्या पट्ट्या हव्यात, नाहीतर कोकणच्या दमट हवेत महिन्याभरात गादीला बुरशी धरते.

एसीचा हिशेब विक्रेता सहसा सांगत नाही, म्हणून मी सांगतो. १२ व्होल्टची २०० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे जेमतेम अडीच युनिट वीज. एक टनाचा एसी पूर्ण जोरात तासाला साधारण एक युनिट ओढतो. म्हणजे मध्यरात्रीनंतर खिडक्या उघडायच्या. त्यामुळे खिडक्यांना जाळी, छताला पंखा आणि बाहेरून वीज घ्यायला प्लग आहे ना, ते बघा.

वजनाकडे तर कोणीच लक्ष देत नाही. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. टाकी भरून, सामान आणि तुम्ही तिघे असे एकदा वजनकाट्यावर जाऊन या. आकडा आरसीवरच्या एकूण वजनाच्या आत बसला पाहिजे.

आणि पैसे. फंडाचे ३० लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ८.२ टक्के दराने ठेवले, तर तिमाहीला ६१,५०० रुपये व्याज येते आणि मुद्दल शाबूत राहते. गाडीचे उलटे आहे. विम्याच्या तक्त्यात पाचव्या वर्षी गाडीची किंमत निम्मी धरतात. माझा सल्ला स्पष्ट आहे : गाडी विकत घेऊ नका. परवाना असलेल्या व्यावसायिकाकडून आधी चार दिवसांसाठी भाड्याने घ्या, तीही सासूबाईंसह. व्याजातून वर्षाला अशा दोन-तीन सहली सहज निघतील. तरीही घ्यायचीच ठरली, तर पलंगाची लांबी-रुंदी, बॅटरी, टाकी, रिकाम्या गाडीचे वजन हे सगळे कोटेशनमध्ये लिहून घ्या. पुढे फसवणूक निघाली, तर ५० लाखांपर्यंतच्या व्यवहाराची तक्रार सांगलीच्याच जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत करता येते, आणि तिथे तोंडी आश्वासनाला फारसे वजन नसते.

प्रश्न : आमची कॅम्परव्हॅन वर्षातले दहा महिने उभी असते. ओळखीच्यांना भाड्याने दिली तर चालेल का? चालवायला वेगळे लायसन्स लागेल का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : पांढऱ्या पाटीवर भाडे घेता येत नाही, माणूस ओळखीचा असला तरी. विनापरवाना व्यवसायासाठी कलम १९२-अ खाली पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद आहे, शिवाय त्या फेरीत अपघात झाला तर विम्याचा दावाही अडकतो. राज्याचे कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ पासून आहे. धंदाच करायचा असेल, तर त्याखाली पर्यटन संचालनालयाकडे चौकशी करा आणि गाडी परिवहन वर्गात नोंदवून घ्या. लायसन्सची मात्र काळजी नको. एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत असेल तर हलक्या वाहनाचे लायसन्स परिवहन गाडीलाही चालते, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगितले आहे.

गाडीविषयी प्रश्न पाठवणाऱ्या वाचकांनी मालकाचे नाव व क्रमांक झाकून आरसीची आणि कोटेशनची प्रत सोबत जोडावी.