मोकळ्या रक्तवाहिन्या आणि हृदयविकाराचा झटका

हृदयविकाराचा झटका म्हणजे काय, असें वर्गांत विचारलें असतां बहुतेक विद्यार्थी एकच उत्तर देतात: हृदयास रक्त पुरविणारी वाहिनी चरबीनें बुजते, रक्त थांबतें, आणि स्नायूचा तेवढा भाग मरतो. हें उत्तर चूक नाहीं, परंतु अपुरें आहे. झटका आलेल्या दर शंभर रोग्यांपैकीं सुमारें 5 ते 10 असे असतात कीं, त्यांच्या हृदयाच्या मोठ्या वाहिन्यांत निम्म्याइतकाहि अडथळा कोठें दिसत नाहीं. स्नायु मात्र खरोखरच दुखावलेला असतो. हृदयाच्या पेशी दुखावल्या म्हणजे ट्रोपोनिन नांवाचें द्रव्य रक्तांत उतरतें, तें या रोग्यांतहि वाढलेलें सांपडतें. वैद्यकांत या प्रकारास ‘मिनोका’ असें आटोपशीर नांव आहे.

सोलापूरकरांस ही गोष्ट समजण्यास उजनीच्या पाण्याचा दृष्टान्त पुरेसा आहे. धरणापासून शहरापर्यंतची मोठी जलवाहिनी धडधाकट असली म्हणून आपल्या नळास पाणी येईलच असें नाहीं, हें येथें कोणास सांगावयास नको! वाटेंतला व्हॉल्व्ह कोणी आवळलेला असेल, गल्लींतल्या बारीक नळ्या बिघडल्या असतील, किंवा वाहून आलेला गाळ तोटींत अडकला असेल. हृदयाचेंहि तसेंच. मेसन सोन्स या डॉक्टरांनीं 1958 सालीं अमेरिकेंतील क्लीव्हलंड येथें हृदयाच्या वाहिन्यांचें चित्र घेण्याची रीत प्रचारांत आणली, तीच अँजिओग्राफी. तिच्यांत मोठ्या वाहिन्या स्पष्ट दिसतात, परंतु स्नायूंत शिरणाऱ्या केसासारख्या फांट्या दिसत नाहींत. शिवाय तें चित्र त्या घटकेचें असतें. पहांटे काय घडलें, हें दुपारच्या चित्रांत उमटेलच असें नाहीं.

पहांट हा शब्द मुद्दाम योजिला आहे. 1959 सालीं प्रिन्झमेटल या अमेरिकन वैद्यानें एका चमत्कारिक छातीदुखीचें वर्णन केलें. ती श्रमानें नव्हे, तर विश्रांतींत, पुष्कळदां उत्तररात्रीं किंवा पहांटे उठे. वाहिनीच्या भिंतींतील स्नायु एकाएकीं आकसतो, पेटका यावा तसा, आणि रक्ताची वाट बंद होते. कांहीं वेळानें तो सैल पडतो व वाहिनी पूर्ववत् दिसूं लागते. या आकसण्यास चेतविणाऱ्या गोष्टींत धूम्रपान अग्रभागीं आहे. कडक थंडी, मनाचा प्रक्षोभ, कोकेनसारखे मादक पदार्थ, आणि अर्धशिशीवर घेतलीं जाणारीं कांहीं औषधें हींहि त्याच पंक्तींत बसतात.

धूम्रपानाचें नांव निघालें कीं आपल्या शहराकडे पहावेंच लागतें. सोलापुरांतील जुन्या कापडगिरण्यांचे भोंगे थांबले, परंतु विड्या वळण्याचा धंदा अद्याप हजारों घरांचा आधार आहे, आणि तो मुख्यतः स्त्रियांच्या हातीं आहे. कुंभारी येथें 2006 सालीं दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली, ती या विडी कामगार स्त्रियांसाठींच. विडी वळणारी बाई विडी ओढते असें नव्हे. पण मिश्री लावण्याची चाल आपल्या भागांत जुनी आहे, आणि मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच होय. तिच्यांतूनहि निकोटिन रक्तांत जातें. शिवाय घरांत कोणी विडी पेटविली कीं धूर सर्वांच्याच वांट्यास येतो.

स्त्रियांचा उल्लेख येथें सहज आलेला नाहीं. नेहमींच्या झटक्याशीं ताडून पाहतां मिनोकांत स्त्रियांचें प्रमाण अधिक व वय कमी आढळतें. मधुमेह व रक्तदाब बारीक वाहिन्या बिघडवितात. चरबीचा लहानसा थर तडकून त्यावर रक्ताची गांठ धरते आणि चित्र काढीपर्यंत विरघळून जाते, असेंहि घडतें. तरुण स्त्रींत, विशेषतः बाळंतपणाच्या आगेंमागें, वाहिनीच्या भिंतीचे पदर आपोआप विलग होतात. ही चीर चित्रांत कित्येकदां ओळखूंच येत नाहीं. अशी बाई छाती धरून बसली कीं घरांत ‘वायु धरला असेल’ म्हणून ओवा पुढें केला जातो!

आपल्या भाषेंत ‘त्यानें हाय खाल्ली’ असें म्हणतात. त्यांतला अर्थ अगदींच काल्पनिक नाहीं. 1990 सालीं जपानी वैद्यांनीं एका विकारास ‘ताकोत्सुबो’ हें नांव दिलें. ताकोत्सुबो म्हणजे अष्टपाद पकडण्याचें मडकें: तोंड अरुंद, पोट फुगीर. जबर दुःखानें वा धसक्यानें हृदयाचा डावा कप्पा तसाच फुगतो. रोगी बहुधा उतारवयाच्या स्त्रिया असतात. 2004 सालीं जपानांतील निइगाता भागांत भूकंप झाल्यावर असे रोगी एकदम वाढले. काटेकोर व्याख्येंत हा विकार मिनोकांतून आतां वगळतात, परंतु रोग्याच्या दारीं तो झटक्याच्याच वेषांत येतो.

शाळकरी मुलांशीं अधिक निगडित असें एक कारण राहिलें. 5 ते 15 वर्षांच्या वयांत घसा सुजून पुढें सांधे धरणारा ताप येतो, त्यानें हृदयाच्या झडपा खराब होऊं शकतात. मोठेपणीं अशा हृदयांत रक्ताच्या गुठळ्या होतात, आणि क्वचित् त्यांतली एखादी हृदयाच्याच वाहिनींत जाऊन अडकते.

‘नळ्या साफ आहेत’ हे शब्द ऐकून आनंद होणें साहजिक आहे. परंतु तेवढ्यानें औषध सोडणें धोक्याचें. 2015 सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या समीक्षेंत असे रोगी वर्षभरांत शंभरीं सुमारें पांच दगावल्याचें दिसलें. म्हणून कारण शोधावें लागतें. चुंबकीय यंत्रानें हृदयाचें चित्र पहिल्या कांहीं दिवसांत घेतलें, तर स्नायु कोठें व कशानें दुखावला याचा पुष्कळदां उलगडा होतो. रोग्याच्या माणसांनींहि डॉक्टरांस कांहीं गोष्टी आपण होऊन सांगाव्या: दुखणें कोणत्या वेळीं उठलें, घरांत कोणतें दुःख घडलें काय, अर्धशिशीचें औषध चालू होतें काय, बाळंतपण केव्हां झालें, लहानपणीं सांधे धरले होते काय, तंबाखू कोणत्या रूपानें घेतली जाते. मिश्रीचें तर विचारल्यावांचून कोणी सांगतच नाहीं.