उष्णतारोधक भिंत आणि इमारत संहिता

१९५६ साली भोपाळ मध्य प्रदेशाची राजधानी झाले आणि टी. टी. नगर, म्हणजेच तात्या टोपे नगर, येथे सरकारी निवासस्थाने उभी राहिली. येथे उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो. नऊ इंची विटेची भिंत दिवसा तापते व रात्री ती उष्णता खोलीत सोडते.

यावर एक उपाय आहे. फोमचे पोकळ ठोकळे रचून त्यांत सळ्या बसवाव्यात व काँक्रीट ओतावे. साचा भिंतीतच राहतो. दोन्ही बाजूंस ५ सेंटिमीटर फोम असल्यास विटेच्या भिंतीच्या मानाने सुमारे एक-षष्ठांश उष्णताच आत येते.

अडचण परवानगीच्या वेळी उद्भवते. २०१८ च्या इको निवास संहितेने घरात शिरणाऱ्या उष्णतेस मर्यादा सुचविली. परंतु बांधकामाची नित्याची मानके वीट व साधे सलोह काँक्रीट गृहीत धरतात. अर्जदारास नियम आडमुठे वाटतात. अधिकाऱ्याची शंकाही निराधार नाही : फोम जळतो, म्हणून त्यावर आतून योग्य आच्छादन हवे, शिवाय काँक्रीटमध्ये राहिलेली पोकळी बाहेरून दिसत नाही.

तथापि, १९७० साली प्रथम प्रसिद्ध झालेली राष्ट्रीय इमारत संहिता पर्यायी पद्धतीस मज्जाव करीत नाही. बळकटी, अग्निरोध व टिकाऊपणा यांत ती समतुल्य असल्याचे सिद्ध करावे लागते. केंद्राची बीएमटीपीसी ही संस्था नव्या पद्धतींचे मूल्यमापन करून प्रमाणपत्र देते. म्हणून पाया खणण्यापूर्वीच असे प्रमाणपत्र व अभियंत्याची आकडेमोड अर्जासोबत जोडावी. नियम पुराव्याची अपेक्षा करतो, हे उभयपक्षी ध्यानात ठेवणे हिताचे होय.