घरी आणि कारखान्यात इंटरनेटचा फोन : थोडक्या खर्चात कसा बसवावा?

मालेगावचे एक यंत्रमागधारक मागच्या महिन्यात आमच्याकडे आले होते. खाली माग, वर घर, बाजारात एक लहानसे दुकान. धंद्यासाठी तीन मोबाईल आणि तिघांचे वेगवेगळे नंबर, त्यामुळे सुताचा व्यापारी एकाला फोन करतो आणि निरोप दुसऱ्याला हवा असतो. त्यांचा प्रश्न साधा होता. घरात ब्रॉडबँड आहेच, मग त्याच वायरवरून एक कायमचा फोन कमी पैशांत चालवता येईल का? असाच प्रश्न इतरही अनेक कारागीर बांधवांना पडत असेल, म्हणून हा विषय येथे जरा सविस्तर घेत आहोत.

आधी हा फोन चालतो कसा ते पाहू. जुन्या टेलिफोनमध्ये आपला आवाज तांब्याच्या तारेवरून एक्स्चेंजपर्यंत जात असे. इंटरनेटच्या फोनमध्ये आवाजाचे आकड्यांत रूपांतर होते, त्याचे सेकंदाला साधारण ५० लहान तुकडे केले जातात आणि ते तुकडे ई-मेल किंवा व्हिडिओ ज्या मार्गाने जातात त्याच मार्गाने जातात. एका संभाषणाला प्रत्येक दिशेने सेकंदाला सुमारे ८७ किलोबिट लागतात. म्हणजे तासभर बोललात तर दोन्ही बाजू मिळून ७८ एमबीच्या आसपास डेटा खर्च होतो. आज फायबरवर ३० एमबीपीएसचा वेग सहज मिळतो, त्या मानाने ही मागणी नगण्य आहे. तेव्हा फोनसाठी महागडी, जास्त वेगाची योजना घ्या असे कोणी सांगत असेल तर ते मनावर घेऊ नये.

आता पहिली आणि सर्वांत स्वस्त पद्धत. आपल्या घरी फायबरचे जे मोडेम बसवलेले असते त्याची मागची बाजू पाहा. संगणकाच्या वायरीच्या खाचांशेजारी बहुधा एक लहान खाच असते, तिच्यावर फोनचे चित्र किंवा 'फोन', 'टेल' असे काही लिहिलेले असते. फायबर देणाऱ्या बहुतेक कंपन्या योजनेबरोबर लँडलाईनचा नंबरही देतात आणि देशांतर्गत कॉलचा वेगळा आकार घेत नाहीत. दरमहा चारशे-पाचशे रुपये, वर १८ टक्के जीएसटी, एवढ्यात हे भागते. आमच्या पाहण्यात अशी कितीतरी घरे आहेत जिथे ही खाच वर्षानुवर्षे रिकामी आहे. पैसे भरले जातात, सोय वापरली जात नाही. कंपनीला फोन करून नंबर सुरू करून घ्यावा आणि माळ्यावर पडलेला जुना बटणांचा फोन त्या खाचेत लावावा. चकतीचा जुना फोन मात्र बऱ्याच मोडेमांवर नंबर लावत नाही. तसेच एकाच खाचेतून चार-पाच फोन जोडू नयेत. मोडेममधून घंटी वाजवण्याइतका जोर थोडाच येतो. दोन फोन वाजतील, पाचवा मुका राहील.

नंबराविषयी एक गोष्ट पाटी रंगवण्याआधी लक्षात घ्यावी. मोबाईलचा नंबर कंपनी बदलली तरी आपल्याकडेच ठेवता येतो, ही सोय देशभर २०११ सालापासून आहे. लँडलाईनला ती सोय नाही. आम्ही स्वतः एकदा स्वस्त योजनेच्या मोहात कंपनी बदलली आणि बिलबुके, पावत्या, दारावरची पाटी सगळ्यांवरचा नंबर एका दिवसात निरुपयोगी झाला. वर्षभर लोक जुन्या नंबरवर फोन करून आमची कचेरी बंद पडली असे समजत होते. सबब, ज्या कंपनीची तार आपल्या गल्लीत नीट चालते आणि बिघाड झाला तर माणूस येतो तिचाच नंबर घ्यावा, मग महिन्याला पन्नास रुपये जास्त गेले तरी चालतील.

दुसरी अडचण विजेची. जुना तांब्याचा फोन लाईट गेली तरी चालू राहत असे, कारण त्याला लागणारी वीज एक्स्चेंजमधूनच तारेने येई. फायबर म्हणजे काचेचा धागा, त्यातून फक्त प्रकाश जातो, वीज जात नाही. वीज गेली की मोडेम बंद आणि मोडेमबरोबर फोनही बंद. भारनियमनाच्या गावात हा मोठा तोटा आहे, कारण लाईट गेल्यावरच गिऱ्हाईक 'माल कधी?' म्हणून विचारते. बाजारात राउटरसाठीचे लहान १२ व्होल्टचे यूपीएस हजार-दीड हजारात मिळते. ते मोडेमला काही तास सहज चालवते. फोन बसवण्याआधी यूपीएस घ्यावे, नंतर नव्हे.

दुसरी पद्धत ज्यांचे घर, कारखाना आणि दुकान वेगवेगळे आहे त्यांच्यासाठी आहे. येथे आपले स्वतःचे छोटे एक्स्चेंज उभारता येते. अ‍ॅस्टरिस्क नावाची एक प्रणाली १९९९ सालापासून फुकट उपलब्ध आहे. जुना पडून असलेला संगणक किंवा रास्पबेरी पायसारखा हाताच्या पंजाएवढा संगणक त्याला पुरतो. त्यात दुकानाला १०१, कारखान्याला १०२, घराला १०३ असे नंबर द्यायचे. प्रत्येक ठिकाणी एक तर मोबाईलमध्ये लिनफोनसारखे फुकट अ‍ॅप घालायचे, नाहीतर साध्या फोनला इंटरनेटशी जोडणारी एक लहान डबी, जिला अ‍ॅडाप्टर म्हणतात, ती बसवायची. मग १०२ दाबले की कारखान्यात घंटी वाजते आणि या बोलण्याचा कोणाला एक पैसा द्यावा लागत नाही.

तिन्ही जागा एकाच इमारतीत असतील तर हे काम शिकलेला मुलगा एका रविवारात करील. जागा लांब असतील तर जरा जास्त खटाटोप आहे. ज्या जागी एक्स्चेंज ठेवायचे तेथे कंपनीकडून स्टॅटिक आयपी घ्यावा लागतो, त्याचा आकार वेगळा असतो. एक्स्चेंज उघड्या इंटरनेटवर कधीही ठेवू नये. त्याच्या आणि इतर फोनांच्या मध्ये व्हीपीएनचा बंदिस्त मार्ग असावा आणि १०१ चा पासवर्ड १०१ नसावा. उघडी एक्स्चेंजे शोधत रात्रंदिवस यंत्रे फिरत असतात. पुढेमागे बाहेरची लाईन जोडलीत तर तुमच्या बिलावर कोणी परदेशी फोन करून मोकळा होईल.

आवाजाच्या तक्रारी नेहमीच्याच असतात. आवाज तुटतो तेव्हा दोष बहुधा वायफायचा असतो. लोखंडी शटर आणि जाड भिंती त्याला अडवतात. शक्य तेथे फोनपर्यंत वायर ओढावी. आपल्याला ऐकू येते पण समोरच्याला आपला आवाज जात नाही, असे झाले तर राउटरच्या सेटिंगमध्ये 'सिप एएलजी' नावाची कळ बंद करून पाहावी, पुष्कळदा तेवढ्यानेच काम होते. आणि बोलताना दोघे एकमेकांवर आदळू लागले तर आवाज उशिरा पोहोचतो आहे असे समजावे. एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असला की तो कानाला जाणवत नाही.

कोकणातील आमच्या वाचकांची माणसे आखातात आहेत, त्यांच्यासाठी दोन ओळी. सौदी अरेबियाने इंटरनेट कॉलवरील बंदी सप्टेंबर २०१७ मध्ये उठवली. संयुक्त अरब अमिरातीत मात्र तेथील सरकारने परवानगी दिलेली बोटिमसारखी ठरावीक अ‍ॅपेच वापरावी लागतात, म्हणून दुबईच्या मुलाकडे जे अ‍ॅप आहे तेच इकडे घरीही घालून ठेवावे.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहिण्याची खरी निकड वाटली ती. आपल्या देशात इंटरनेट टेलिफोनीला १ एप्रिल २००२ पासून परवानगी आहे आणि वर सांगितलेल्या दोन्ही पद्धती कायदेशीर आहेत. पण हल्ली काही मंडळी मोहल्ल्यांत फिरतात. 'तुमच्या ब्रॉडबँडला आमची एक पेटी जोडू द्या, खोलीचा कोपरा द्या, महिन्याला अमुक हजार भाडे घ्या' असे गोड बोलतात. त्या पेटीत पुष्कळशी सिमकार्डे असतात. तिला सिमबॉक्स म्हणतात. परदेशातून येणारा कॉल इंटरनेटवरून त्या पेटीत उतरतो आणि स्थानिक सिममधून स्थानिक कॉल म्हणून पुढे जातो. आंतरराष्ट्रीय कॉलचा आकार बुडतो आणि खरा फोन करणारा कोण हे लपते. फसवणूक करणाऱ्या टोळ्यांना नेमके हेच हवे असते. परवान्याशिवाय दूरसंचार सेवा चालवणाऱ्यास २०२३ च्या कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. पेटीवाला पसार होतो. ब्रॉडबँडचे बिल आणि वीजबिल तुमच्या नावावर असते, पोलीस तुमच्याच दारात येतात. कोपरा दिला तो 'मला काय माहीत' म्हणून सुटत नाही, निदान वकिलाचा खर्च आणि पंचनाम्याची बदनामी तरी चुकत नाही.

आपल्या नावावर किती मोबाईल जोडण्या आहेत हे सरकारच्या 'संचार साथी' या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येते. अनोळखी जोडणी दिसली तर तेथेच कळवता येते. भारतीय नंबर दाखवत परदेशातून आलेल्या कॉलची तक्रारही तेथे करता येते.

त्या यंत्रमागधारकांनी शेवटी मोडेमच्या रिकाम्या खाचेत जुना फोन लावला, यूपीएस घेतले आणि दुकान व घरासाठी अ‍ॅपवर एक्स्चेंज केले. एकच अडचण राहिली होती, मागांच्या खडखडाटात खाली घंटी ऐकूच येत नव्हती. त्यांच्या फिटरने फोनच्या तारेवर घंटीबरोबर पेटणारा लाल दिवा बसवून दिला. आता दिवा लुकलुकला की मागावरचा मुलगा धावत वर येतो.