केरकचऱ्याची विल्हेवाट : विचार मिसळण्यापूर्वीच हवा

मुंबईतील देवनारच्या कचराभूमीवर १९२७ पासून शहराचा केरकचरा साचत गेला होता. जानेवारी २०१६ मध्ये या ढिगांना आग लागली, धूर अनेक दिवस उपनगरांवर पसरून राहिला आणि परिसरातील शाळांना सुटी द्यावी लागली.

अशा आगींचे मूळ बहुधा घरातल्या एकाच डब्यात असते. भाजीची देठे, शिळे अन्न, प्लास्टिकच्या पिशव्या आणि काच एकत्र दाबली गेली की ढिगाच्या पोटात हवा पोचत नाही. हवेवाचून कुजणाऱ्या पदार्थांतून मिथेन हा ज्वालाग्राही वायू निर्माण होतो. पावसाळ्यात ढिगातून झिरपणारा काळसर द्रव भूजल दूषित करतो. तोच ओला कचरा हवेशीर कुजला तर त्याचे खत होते.

यवतमाळ जिल्ह्यातील पुसद येथील शेतकरी ना. दे. पांढरीपांडे यांनी हे तत्त्व अगदी साध्या साधनांनी अमलात आणले. 'नाडेप' हे नाव त्यांच्याच नावावरून पडले. सुमारे दहा फूट लांब, सहा फूट रुंद व तीन फूट उंच असे विटांचे टाके बांधावयाचे आणि भिंतींत हवेसाठी छिद्रे ठेवावयाची. आत काडीकचऱ्याचा सहा इंचांचा थर, त्यावर शेणकाला, त्यावर चाळलेली माती, असे थर देत टाके भरून वर शेणमातीने लिंपावयाचे. काही दिवसांनी थर खचतात, तेव्हा पुन्हा भरावे लागते. लिंपणाला पडलेल्या भेगा वेळीच बुजविणे आणि ओल टिकविणे, एवढीच काय ती निगा. तीन ते चार महिन्यांत खत तयार होते. ग्रामपंचायतींना हा खर्च जड नाही. जड जाते ते गावाकडून कचरा वेगळा मिळविणे.

या टाक्यात काच वा प्लास्टिक गेले तर ते खताबरोबर शेतात उतरते आणि मळणाऱ्याच्या पायात रुतू शकते. म्हणून २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा घरातच वेगळा करण्याची जबाबदारी नागरिकांवर टाकली. विद्युतघट, फुटक्या नळ्या, रंगांचे डबे व मुदत संपलेली औषधे तिसऱ्या डब्यात जावीत. वापरलेले सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल खूण करावी. कचरा निवडणाऱ्या बाईला ते पुडके न उघडताच कळते.