कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन होते तेव्हा

१९९३ साली टाटा ऑइल मिल्स, म्हणजे टोमको, ही कंपनी हिंदुस्तान लिव्हरमध्ये विलीन होणार असे जाहीर झाले. हमाम साबण आणि ५०१ बार घरोघरी वापरले जात होते, पण ते बनविणाऱ्या कामगारांचे पुढे काय, हा प्रश्न मोठा होता. कामगार संघटना थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. १९९४ मध्ये न्यायालयाने विलीनीकरण कायम ठेवले. मात्र टोमकोच्या कामगारांची सेवा अखंड राहील व त्यांच्या सेवाशर्ती पूर्वीपेक्षा कमी होणार नाहीत, हे कलम विलीनीकरणाच्या योजनेतच होते.

आम्ही हे जुने प्रकरण मुद्दाम काढले. आमच्या अनेक वाचकांची मुले कारखान्यांत फिटर, टर्नर, वेल्डर आहेत आणि कंपन्या एकमेकींत मिसळण्याचे प्रमाण काही कमी झालेले नाही. अशा वेळी अफवांच्या मागे न लागता योजनेतील ‘कर्मचारी’ हे कलम युनियनकडून मागून वाचावे.

कायदा काय म्हणतो? १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात २५ एफएफ हे कलम होते. त्यातील तरतूद २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत घेतली असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. किमान एक वर्ष सलग सेवा झालेल्या कामगाराची सेवा मालक बदलल्याने खंडित होत नसेल, शर्ती घटत नसतील आणि पुढे कपात झाल्यास जुनी वर्षे धरून भरपाई देण्यास नवा मालक बांधील असेल, तर जुन्या मालकाकडून भरपाई मिळत नाही. यांपैकी एक जरी गोष्ट नसेल, तरी भरपाईचा हक्क उभा राहतो. व्यवस्थापकीय पदावरील माणूस मात्र या व्याख्येत बसत नाही. त्याची ढाल म्हणजे त्याचे नेमणूकपत्र.

खरा धोका सहीत असतो. “जुन्या कंपनीचा राजीनामा द्या, नव्या कंपनीचे पत्र घ्या, नुसता उपचार आहे,” असे सांगितले जाते. हा उपचार किती महाग पडतो ते पाहा. कपातीची भरपाई सेवेच्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार अशी असते. अठरा वर्षे नोकरी झालेला फिटर विलीनीकरणानंतर दोन वर्षांनी कपातीत सापडला, तर अखंड सेवेत त्याला ३०० दिवसांचा पगार मिळेल. राजीनामा दिला असेल, तर फक्त ३० दिवसांचा! शिवाय शेवटी आलेला आधी जातो, हा कपातीचा सर्वसाधारण नियम. अठरा वर्षांचा जुना माणूस कागदावर नवखा ठरतो, तो असा. म्हणून ‘सेवा अखंड, मूळ नेमणुकीची तारीख अमुक’ हे शब्द नव्या पत्रात असल्याशिवाय सही करू नये.

भविष्य निर्वाह निधीचा पैसा या गडबडीत काढून घेण्याचा मोह होतो. तो टाळावा. निवृत्तिवेतनासाठी किमान दहा वर्षांची सेवा लागते, आणि खाते वर्ग केले की मागची वर्षे धरली जातात. जुन्या पगाराच्या पावत्या, नेमणूकपत्र, बढतीचे आदेश यांच्या प्रती घरी ठेवाव्यात. कार्यालये एक झाली की पहिल्यांदा फायलीच हरवतात, हा आमचा अनुभव आहे.

आता स्टॉकिस्ट आणि सुटे भाग पुरविणारे कारागीर यांच्याविषयी. त्यांना कामगार कायद्याचा आधार नाही. योजनेनुसार जुन्या कंपनीचे देणे नव्या कंपनीवर येते, त्यामुळे बाकी बुडत नाही. पण ती सिद्ध करावी लागते. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे योजनेला हरकत घ्यायची तर धनकोचे येणे कंपनीच्या एकूण कर्जाच्या किमान ५ टक्के असावे लागते. लहान कारागिराचे येणे तेवढे कुठले असणार? तेव्हा विलीनीकरणाच्या तारखेपूर्वीच कंपनीच्या हिशेब विभागाकडून बाकीचा दाखला सही-शिक्क्यासह घ्यावा. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद सूरह अल-बकराच्या २८२ व्या आयतीत आहे, ती आमच्या बाजारात तोंडी भरवशापुढे विसरली जाते. छोटा उत्पादक असाल, तर उद्यम नोंदणी करून ठेवा. २००६ च्या कायद्याप्रमाणे खरेदीदाराला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे चुकते करावे लागतात, मग तो जुना मालक असो की नवा.