अम्माऊसची वाट

लूक 24:13 उघडा. यरुशलेम ते अम्माऊस हे अंतर 60 स्टेडिया, म्हणजे सुमारे 11 किलोमीटर. दोघे शिष्य ते पायी गेले आणि त्याच घटकेस उठून तितकेच परतले. पंधराव्या वचनातील ग्रीक क्रियापद प्रभू त्यांच्यासोबत 'चालत होता' असे सातत्य दर्शविते; भाषांतरात ही छटा सहज निसटते.

जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये प्रौढांसाठी आठवड्यास किमान 150 मिनिटांचा मध्यम व्यायाम सुचविला. पाच दिवस, अर्धा अर्धा तास भरभर चालणे पुरे. परंतु एकट्याने धरलेला नेम बहुधा लवकर मोडतो. तेव्हा येत्या रविवारी उपासनेस पायीच निघा. गुडघेदुखीमुळे घरीच बसलेल्या शेजारच्या आजींना हाक मारा, आणि त्यांच्याच चालीने चाला.