जन्मल्यावर बाळ रडले नाही तर

दिवाळी झाली की गेवराई, धारूर, केज, शिरूर कासार या भागांतील जोडपी ऊसतोडीला निघतात. त्यांत काही बायांचे दिवस भरत आलेले असतात, आणि बाळंतपण फडाजवळच्या कोपीवरच होते. पुढे कधीतरी त्या लेकराला घेऊन माझ्याकडे येतात. मूल वर्षाचे झाले तरी मान धरत नाही. विचारले की आजी सांगते, "डॉक्टर, पोरगं लई उशिरानं रडलं बघा."

जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला की असे होऊ शकते. त्या काही मिनिटांत शरीरात काय घडते, हे आपल्याला जनावरांच्या पिल्लांमुळे कळले. १९६० च्या दशकात ऑक्सफर्डचे जेफ्री डॉझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी नुकत्याच जन्मलेल्या कोकरांचा व माकडाच्या पिल्लांचा प्राणवायू तोडून नोंदी घेतल्या. प्रयोग निर्दय खरे, पण माणसाच्या बाळावर ते करता येत नाहीत. पिल्लू आधी धडपडते, मग त्याचा श्वास थांबतो. या वेळी अंग चोळले तर श्वास पुन्हा सुरू होऊ शकतो. तसे झाले नाही तर काही आचके येतात आणि श्वास दुसऱ्यांदा थांबतो. आता कितीही चोळा, चापट्या मारा, उपयोग नाही. फुप्फुसात हवा भरली तरच पिल्लू वाचते.

अडचण अशी, की पहिला थांबा कोणता आणि दुसरा कोणता, हे बाळाकडे नुसते पाहून ओळखता येत नाही. म्हणून बाळ कोरडे पुसावे, उबदार ठेवावे, पाठ चोळावी. तरी श्वास नाही तर पहिल्या मिनिटातच पिशवी-मुखवट्याने हवा द्यावी. उलटे टांगून चापट्या मारण्यात हेच मिनिट वाया जाते. हे काम डॉक्टरच करू शकतो असेही नाही. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना ते शिकवले आणि श्वास कोंडून होणारे बालमृत्यू घटले.

पण पिल्लांवरचे सगळेच जसेच्या तसे आपल्याला लागू पडत नाही. कोकरांत व डुकराच्या पिल्लांत शरीर थंड ठेवल्यास मेंदूची हानी कमी होते, असे दिसले. श्रीमंत देशांतल्या रुग्णालयांत बाळांनाही त्याचा फायदा झाला. मग भारत, श्रीलंका व बांगलादेशातील सात रुग्णालयांत ४०८ बाळांवर हा उपाय तपासला गेला. निकाल २०२१ साली आला: थंड केलेल्यांपैकी ४२ टक्के दगावली, न केलेल्यांपैकी ३१ टक्के. प्रयोगातले पिल्लू धडधाकट असते आणि त्याचा प्राणवायू ठरल्या क्षणी तोडलेला असतो. आपल्याकडे आई अशक्त, कळा लांबलेल्या. बाळाची घुसमट कधीपासून चालली होती, कोणाला ठाऊक?

तेव्हा कोणी सांगितले म्हणून अशा बाळाच्या अंगावर गार पाणी मारू नका. टोळीत दिवस भरलेली बाई असेल तर मुकादमाने जवळचा दवाखाना आधीच पाहून ठेवावा, आणि कळा सुरू होताच १०८ ला फोन करावा.